मळेखारच्या बांधावरचा धाकू

आमच्या खाडीवर अजून पूल नव्हता, पलीकडे जायचं तर होडीवाल्याला हाळी घालावी लागायची आणि तो झोपलेला असला तर त्याची झोप पुरी होईपर्यंत काठावर बसून राहावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. नक्की किती वर्षं झाली असं मला विचारू नका. माझ्या आजीला तिच्या आजीने सांगितली, आणि त्या आजीलाही कुणीतरी सांगितलीच असणार. त्या काळी मळेखारच्या बांधावर धाकू बसत असे.

हा धाकू तुमच्याआमच्यासारखा नव्हता, असं म्हणतात. जो दगड बैलांच्या जोडीला हलला नाही, तो त्याने एकट्याने पाठीवर घेऊन बांधापाशी आणून टाकला. नुसता वारा हुंगून तो उधाण कसं येणार ते सांगे. त्याने एक दार केलं होतं, समुद्र आला की ते आपोआप मिटे आणि समुद्र गेला की आपोआप उघडे. सकाळी पाहावं तर तो माडाच्या बुंध्याएवढा उंच दिसे, दुपारी ठेंगणा, आणि संध्याकाळी लंगडत चाले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धाकू दोनदा मेला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बांधावर हजर. खाडीपलीकडच्या पोफळण गावची माणसं हे सगळं देवीची शपथ घेऊन सांगत. त्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मग सांगणार नाहीत तर काय.

पोफळणच्या वरच्या वाडीत एका सुताराची मुलगी होती, आवडू नावाची. ती हे ऐकतच मोठी झाली. रडायला लागली की आई म्हणे, थांब, धाकूला हाक मारते. तिचं लग्न ठरलं तेव्हा बापाने सांगितलं, "पोरगो मळेखारचो. गलबतार सुतारकाम करता. धाकू मेस्त्र्याचो झील." आवडूच्या हातातलं सूपच खाली पडलं. दोनदा मेलेला माणूस सासरा म्हणून मिळायचा, तिच्या जागी तुम्ही असतात तर तुमचंही पडलं असतं.

लग्न होऊन ती मळेखारात आली. सासऱ्याच्या पाया पडताना तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. उघडून बघते तर समोर एक खोकणारा, ठेंगणासा म्हातारा. कानावर पेन्सिलीऐवजी कोळशाचा तुकडा अडकवलेला. तो म्हणाला, "पोरी, पेजेत मीठ जरा बेतान घाल हां. आमच्या घरात तसाच खारा बराच आसा." आवडू रोज सकाळी उठून बघे, मामंजी आज उंच झाले का. ते काही झाले नाहीत. उलट थोडे वाकलेच.

शेवटी एक दिवस तिला राहवेना. "मामंजी," ती म्हणाली, "तो मोठो दगड तुमी उचललास?"

"मी?" म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "माका बसूचो पाट उचलूक जमणा नाय. तो लांबो धाकू. मी येगळो."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. पण त्याआधी मळेखार कसं आहे ते नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका बाजूला टेंब, म्हणजे लहानशी टेकडी, तिच्यावर घरं. टेंबाखाली भाताची शेतं. शेतांच्या पलीकडे खाडी. आणि शेतं आणि खाडी यांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. त्या बांधाला एक उघाडी, म्हणजे लाकडाचं दार. पावसाचं गोडं पाणी त्यातून बाहेर जातं, आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून ते मिटतं. खारं पाणी एकदा का शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात म्हणून धरत नाही. बांध आहे तर मळेखार आहे, नाहीतर नुसती खाडी.

तर मेस्त्री तरुण असताना एका उधाणात बांध खचायला लागला. जो तो धावला. कुणी कुठे उभं राहायचं, कुठे भर घालायची, सांगणारा कुणी नाही. सगळे एकाच जागी चढले आणि बांध नेमका तिथेच बसला. माणसं गेली. गावात चूल पेटली नाही. मग गाव सातेरीच्या देवळात जमलं. देवीचं वारं ज्याच्या अंगात येत असे तो घुमायला लागला, आणि देवी त्याच्या तोंडून बोलली, "बांधार धाकूक बसवा. तेणी ओ दिल्याशिवाय उधाणात कोणी बांधार पाय ठेवू नकात."

पण झाली पंचाईत. कारण गावात धाकू तीन होते.

घरातलं शेंडेफळ म्हणजे धाकू, एवढीच ती नावाची रीत. एकमेकांचे हे तिघे ना नात्याचे ना गोत्याचे. एक लांबो धाकू, शेतावरचा गडी, अंगाने दांडगा. दुसरा धाकू तांडेल, होडी खडकावर फुटल्यापासून एका पायाने लंगडणारा. आणि तिसरा हा धाकू मेस्त्री. तिघेही देवळात होते आणि तिघेही आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

मग गुरवाने कौल लावला. देवीच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "लांबो धाकू काय गे माये?" पाकळी हलली नाही. "तांडेल काय?" नाही हलली. "मेस्त्री?" जशीच्या तशी. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. उभं राहून राहून गुरवाची कंबर धरली. तो वैतागून म्हणाला, "देवीन सांगूचा ता सांगल्यान. आता तुमचा तुमी बघा."

देवळाबाहेर तिघांची जुंपली. लांबो म्हणाला, धाकू म्हणजे तांडेल, पाण्यातलं त्यालाच कळतं. तांडेल म्हणाला, छे, मेस्त्री, उघाडी तोच करतो. मेस्त्री म्हणाला, बांध मातीचा, माती उचलणार लांबो, मला कशाला मध्ये घेता. कुणालाच ते मोठेपण नको होतं. कारण देवीने बोलावलेला धाकू आपण नसलो आणि आपणच बसलो, तर पुढच्या उधाणात पुन्हा माणसं जायची. या एका भीतीने तिघेही बसले. खरा जो कोण असेल तो तरी हजर राहील, एवढाच हिशेब.

आणि बघा, बांध राहिला. लांब्याने डोंगरातून दगड आणला. तांडेल वारा बघून आधी सांगायला लागला. मेस्त्र्याने उघाडीचं नवं दार केलं, वरून टांगलेलं, बाहेरून पाणी रेटलं की आपोआप मिटणारं. उधाणाच्या दिवशी गाव टेंबावर माती आणि पेंढा घेऊन उभं राही. गावकर, म्हणजे गावचा प्रमुख, वरून हाक घाली, "बांधार कोण?" खालून ओ येई, "धाकू." मग गाव खाली उतरे आणि धाकू सांगेल तिथे भर घाली. पहिल्या पावसाळ्यानंतर गावकराने विचारलं, "मगे खरो धाकू खंयचो?" तिघांनी तीन बोटं केली, प्रत्येकाने दुसऱ्याकडे. गावकराने कपाळाला हात लावला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तिघे पाळीपाळीने बसत. पोफळणवाल्यांना लांबून काय दिसणार? सकाळी उंच धाकू, दुपारी ठेंगणा धाकू, संध्याकाळी लंगडा धाकू. लांबो गेला तेव्हा पोफळणची माणसं होडीने भेटायला आली. होडी बांधाला लागली, एकाने सवयीने विचारलं, "बांधार कोण?" वरून आवाज आला, "धाकू." त्याच्या हातातला नारळ पाण्यात पडला, असं म्हणतात. पुढे तांडेल गेला तेव्हाही तसंच झालं. त्यानंतर त्यांनी नारळ आणायचंच सोडलं.

"आता मी एकलोच रवलंय," मेस्त्री आवडूला म्हणाला. "खरो मी काय न्हय, ता माका अजून म्हायत नाय."

आवडूला हा म्हातारा भारी आवडला. तिचा बाप तापट होता, घरात कुणाशी धड बोलत नसे. मामंजी मात्र तिला बांधावर घेऊन जात आणि शिकवत. दाराच्या बिजागरीला माशाचं तेल कधी लावायचं, चिकणमातीत पेंढा किती मिसळायचा, खेकड्याने पोखरलेली जागा पायाच्या तळव्याला कशी कळते. चार-पाच वर्षांत ती त्याच्याइतकी तयार झाली. ती काम करी आणि ते बसून ओ देत.

ओ तेवढी ती देऊ शकत नव्हती. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे तर असं म्हणत, की सुनेच्या तोंडून जितक्या वेळा सासऱ्याचं नाव निघेल, तितकं त्याचं आयुष्य तुटतं. आवडू इतकी जपायची की धाकटी जाऊ म्हणायचं झालं तरी 'बारकी' म्हणे. वाडीतल्या बायका मुद्दाम विचारत, "गे आवडू, थोरल्याच्या पाठचो कोण?" ती म्हणे, "जो ल्हान तो." आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. बापाचं प्रेम तिला त्या घरात मिळालं होतं आणि त्या माणसाचा एक दिवसही कमी व्हावा असं तिला वाटत नव्हतं.

मग ते भाद्रपदातलं उधाण आलं. भाताची कणसं भरत आली होती. मामंजी तापाने अंथरुणाला खिळलेले. छातीत घरघर, डोळे मिटलेले, हाक मारली तरी ओ नाही. नवरा गलबतावर, मंगळूरच्या वाटेला. अमावस्या होती आणि सकाळपासून वारा असा सुटला की माड जमिनीला टेकतील की काय असं वाटावं. भरती भर दुपारची. आवडूने शेजारणीला म्हाताऱ्याजवळ बसवलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि ती बांधावर गेली.

पाऊस असा की टेंब दिसत नव्हता. उघाडीपाशी जाऊन तिने तळवा टेकवला. दाराच्या उजव्या अंगाची माती भुसभुशीत झाली होती आणि तिच्यातून खारं पाणी पाझरायला लागलं होतं. तिने पेंढा कोंबला, माती थापली. तो पेंढा सुटून आला. एकट्या बाईचं हे काम नव्हतंच. पन्नास माणसं हवी होती, आणि ती टेंबावर उभी होती.

वरून हाक आली, "बांधार कोण?"

हाक मारणारा बाबल गावकर, त्या जुन्या गावकराचा मुलगा.

"मी आसंय," आवडू ओरडली. "खाली येवा. उजव्या अंगाक पाणी लागला."

"मी म्हंजे कोण?"

"मेस्त्र्यांची सून."

वर कुजबुज झाली. बाबल वाईट माणूस नव्हता. त्याचा काका त्या जुन्या उधाणात गेला होता आणि देवीचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. तो ओरडला, "आवडू, तू मागे फिर. धाकून ओ दिल्याशिवाय मी गावाक खाली धाडूचंय नाय. आमी खालची गुरा सोडून टेंबार घेतंव."

आता तुम्हीच सांगा, बिचारीने करायचं काय. नाव घेतलं तर घरात तो म्हातारा, आधीच जेमतेम श्वास घेणारा. नाव नाही घेतलं तर घटकाभरात शेतं जाणार, आणि त्यांच्याबरोबर गावाची पुढची दोन-तीन वर्षं. घराघरातली पोरं तिच्या डोळ्यांसमोर आली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पाणी तिच्या टाचांखालून आत येत होतं. ती रडत होती, पण त्या पावसात ते तिचं तिलाही कळलं नसेल.

मग तिने घराच्या दिशेने हात जोडले. "मामंजी, माका माफी करा," ती म्हणाली. आणि लग्न झाल्यापासून जे नाव तोंडून काढलं नव्हतं ते तिने सगळ्या ताकदीने घेतलं.

"धाकू."

बाबलने पुन्हा विचारलं, कारण विचारणं त्याचं काम होतं. "बांधार कोण?"

"धाकू," आवडू म्हणाली. एकदा घेतलं होतं, आता दुसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, आपण त्या म्हाताऱ्याच्या गळ्याला हात लावतो आहोत.

बाबलच्या शेजारी उभा असलेला एक जण पुटपुटला, "ही तर आवडू." बाबल म्हणाला, "खंयचो धाकू, ता देवीन माज्या बापाशीक सांगूक नाय. मी कोण इचारणारो? चला खाली." आणि सगळं गाव पेंढ्याच्या मोळ्या आणि मातीच्या पाट्या घेऊन धडाधडा उतरलं.

आवडूने माणसं वाटून उभी केली. इथे तिघे, तिथे चौघे, त्या भागावर कुणी चढू नका, तिथली माती कच्ची आहे. काल-परवापर्यंत तिला हसणाऱ्या बायका तिच्या हाताखाली चिखल तुडवत होत्या. समुद्र बांधाच्या माथ्यापर्यंत चढला, असं म्हणतात. बोटभर अंतर राहिलं. तिथे तो थांबला, त्याने ते नाव ऐकलं, आणि आल्या पावली मागे फिरला. तुम्ही म्हणाल, भरती ओसरायची वेळ झाली होती. असेल. पण त्या दिवशी तिथे जे उभे होते ते तसं म्हणत नाहीत.

पाणी उतरायला लागल्याबरोबर आवडू पळत सुटली. गुडघ्यापर्यंत चिखल, इरलं कुठे पडलं त्याचा पत्ता नाही. घराच्या उंबऱ्यावर मात्र ती थांबली. आत कसलाही आवाज नव्हता. खोकल्याचासुद्धा नाही. तिला वाटलं, संपलं सगळं.

तिने आत डोकावलं. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. ताप उतरून अंगाला घाम सुटला होता आणि शेजारीण त्याला पेज पाजत होती. त्याने आवडूकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं.

"बांध?" त्याने विचारलं.

"रवलो," आवडू म्हणाली आणि खालीच बसली. तिचा बांध मात्र फुटला. "मामंजी, मी तुमचा नाव घेतलंय. दोनदा घेतलंय."

म्हाताऱ्याने पेजेचा घोट सावकाश गिळला. "माजा खंय घेतलंस गे?" तो म्हणाला. "तू तुजा सांगलंस."

मग तो जरा हसला. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात जो गुंता होता तो त्या दिवशी सुटला, असं म्हणतात. देवीने तिघांपैकी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. जो बांधावर उभा राहील त्याला तिने नाव दिलं होतं. लांबो आणि तांडेल हे न कळताच गेले, याचं त्याला वाईट वाटलं. "तेंका सांगूक व्हया होता," तो म्हणाला आणि आणखी थोडी पेज मागितली, मीठ बेताने.

आयुष्य काही तुटलं नाही. आवडूची मुलं त्याच्या मांडीवर वाढली, त्याच्या हातची लाकडी होडकी घेऊन ओहोळात खेळली. मग एका थंडीत तो झोपेतच गेला. पोफळणवाल्यांनी होडीतून येताना श्वास रोखून विचारलं, "बांधार कोण?" वरून बाईच्या आवाजात ओ आली, "धाकू." धाकू तिसऱ्यांदा मेला आणि तिसऱ्यांदा उठला, एवढंच त्यांनी घरी जाऊन सांगितलं. आवाज बदलला त्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. इतक्या वेळा मरून उठल्यावर माणसाचा आवाज बदलणारच, असं ते म्हणाले. आवडू तिचे केस पांढरे होईपर्यंत बांधावर बसली, आणि तिच्यानंतर जो बसला त्यानेही तीच ओ दिली.

अजूनही मळेखारात बारशाला धाकू हे नाव कुणी ठेवत नाही. ते नाव बांधाचं. गावात त्या वर्षी ज्या सुना आल्या असतील त्यांना भाद्रपदातल्या अमावस्येला भर दुपारी उघाडीपाशी उभं करतात. सासवा नारळ घेऊन मागे थांबतात. टेंबावरून गावकर हाक घालतो. एखादी पोरगी लाजते, एखादी शहरातली असली तर हसू दाबते, पण ओ दिल्याशिवाय तिला सोडत नाहीत. ओ दिली की सासरा स्वतः येऊन तिच्या हातात मातीची पहिली पाटी देतो, आणि ती तिने बांधावर घालायची. त्या दिवसापासून बांध तिचाही.

तुम्ही त्या दिवशी पोफळणच्या काठावर असलात तर तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, पलीकडे बांधावर कोण उभं आहे. तो डोळ्यांवर हात धरून बघेल आणि सांगेल, "तो काय, धाकू. अवंदा हिरवी साडी नेसलो हा."